वस्तू, वेळ आणि घरची भाषा

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना मुख्याध्यापिकेने शाळेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असते. तो आढावा अहवालात छापलेला आहे आणि तो आपण सवडीने वाचालच. आज मला आपल्याशी वेगळ्या विषयावर बोलायचे आहे. त्याची सुरुवात गेल्या दिवाळीत शाळेच्या पटांगणात झाली आणि शेवट, काहीसा अनपेक्षितपणे, माझ्या स्वतःच्या घरात झाला.

दिवाळीत किल्ला करण्याची आपली रीत आपण नर्मदा ओलांडून इतक्या उत्तरेला आणली आणि टिकवली. दरवर्षी सहामाही परीक्षा संपली की आपल्याकडे किल्ल्यांची स्पर्धा होते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचा किल्ला पुण्याहून आला होता. तयार, प्लास्टरचा, रंगवलेला. बुरुजांवर विजेचे बारीक दिवे. त्याच्या शेजारी दुसऱ्या एका मुलाचा मातीचा किल्ला होता. तो एका अंगाने खचला होता, दगड उघडे पडले होते आणि तटाच्या चिखलावर मोठ्या माणसाच्या अंगठ्याचे ठसे स्पष्ट दिसत होते. परीक्षकांनी पहिले बक्षीस प्लास्टरच्या किल्ल्याला दिले. प्रशस्तिपत्रावर सही माझी होती.

बक्षीस समारंभानंतर मी पटांगणातून जात होते. पहिला आलेला मुलगा शेजारच्या किल्ल्यापाशी उकिडवा बसला होता. त्या मातीत पेरलेले हळीव नुकतेच फुटले होते आणि दुसरा मुलगा त्यावर ओंजळीने पाणी शिंपडत होता. पहिल्याने मला विचारले, "बाई, माझ्या किल्ल्यावर हळीव उगवेल का?" मी म्हटले, "नाही रे, प्लास्टरवर कसे उगवेल?" तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग मी ह्याच्या किल्ल्यावर पाणी घालू का?"

त्या मुलाचे वडील वाईट पालक नाहीत, हे मला प्रथम सांगितले पाहिजे. ते कष्टाळू आहेत, मुलावर त्यांचा जीव आहे. दिवाळीच्या दिवसांत दुकानात गर्दी असते, किल्ला करायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी सर्वांत चांगला किल्ला मागवला. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी थोरल्या भावाची झिजलेली कंपासपेटी वापरली आहे, जुन्या पुस्तकांना नवी कव्हरे घातली आहेत. ती उणीव आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तू आणणारा हात प्रेमाचाच असतो. माझे म्हणणे एवढेच, की काही वस्तू प्रेमापोटी आणल्या जातात आणि काही भरपाई म्हणून. आणणाऱ्याला त्यातला फरक पुष्कळदा कळत नाही. मुलाला मात्र तो कळतो.

ह्या भरपाईविषयी मी अधिकाराने बोलू शकते, कारण ती मी वर्षानुवर्षे केली आहे.

ह्या शाळेत मला एकतीस वर्षे झाली. यजमान रेल्वेत, मी शाळेत. मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत सासूबाई घरी होत्या. शाळेतून आल्यावर त्याला मऊ भात भरवणे, दुपारी गोष्ट सांगणे, संध्याकाळी शुभंकरोती म्हणवून घेणे, हे सारे त्यांच्याकडे होते. त्या गेल्या आणि घर एकदम गप्प झाले. मी पेपर तपासत असे, शिबिरांना जात असे, दुसऱ्यांच्या मुलांचे निबंध सुधारत असे. मनात खंत असे. मग दर मे महिन्यात पुण्याला गेले की मी त्याच्यासाठी मराठी पुस्तकांचा गठ्ठा आणत असे. उत्तम पुस्तके, निवडून घेतलेली. ती मी त्याच्या कपाटात ओळीने लावली. त्यांतले एकही मी त्याच्या शेजारी बसून वाचून दाखवले नाही.

आज तो तीस वर्षांचा आहे, बंगळूरला असतो, स्वभावाने प्रेमळ आहे. तो माझ्याशी हिंदीत बोलतो. माझे मराठी त्याला समजते, पण उत्तर हिंदीत येते. गेल्या दिवाळीत, त्या किल्ल्याच्या प्रसंगानंतर चारच दिवसांनी, तो घरी आला होता. मी धीर करून विचारले, "अरे, मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा मुलगा तू, माझ्याशी मराठीत का बोलत नाहीस?" त्याने अगदी सहज, कोणतीही तक्रार नसलेल्या आवाजात सांगितले, "आई, दादी के बाद घर में मराठी बोलता कौन था? आप तो स्कूल में रहती थीं।"

मी नंतर त्याच्या मराठीचा विचार करत राहिले. भातुकली, चिऊकाऊ, भोपळा, पांघरूण, आंघोळ हे शब्द त्याच्याकडे आहेत. जबाबदारी, निर्णय, पश्चात्ताप, समाधान हे नाहीत. त्याचे मराठी सहा वर्षांच्या मुलाचे आहे. सासूबाई ज्या दिवशी गेल्या, त्या दिवशी ते वाढायचे थांबले. कपाटात मात्र पुस्तके वाढत होती.

मित्रहो, महाराष्ट्रातल्या आईवडिलांनी मुलाशी बोलणे कमी केले, तर मुलाचे नुकसान होतेच. पण त्याची भाषा तरी रस्त्यावर, दुकानात, पाटीवर, शेजाऱ्याच्या ओट्यावर त्याला भेटते. आपल्या झाशीत तसे नाही. इथे रस्ता हिंदीचा आहे, बाजार बुंदेलीचा आहे आणि हातातला मोबाइल ज्या भाषेत रमवतो ती मराठी क्वचितच असते. त्या भाषांशी आपले भांडण नाही. त्यांनी आपल्याला आपले मानले आहे. परंतु मराठीला इथे राहायला जागा एकच, ती म्हणजे घरातल्या माणसांचे एकमेकांशी बोलणे. म्हणून मुलांना वेळ न देण्याची किंमत आपण इथे दुप्पट मोजतो. मूल एकटे पडते आणि भाषाही जाते.

ही भाषा इथे आली कशी, हे आठवून पाहा. पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारोशंकर १७४२ साली झाशीला आले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून देशावरची, कोकणातली कुटुंबे आली. मराठ्यांचे राज्य गेले, १८५४ साली झाशी खालसा झाली, १८५८ साली शहर लुटले गेले. दरबार नाही, दफ्तर नाही, बाजार नाही. तरीही मराठी ह्या शहरातून गेली नाही. ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि झोपाळ्यावर राहिली. तिला टिकवून ठेवण्यासाठी कोणी काही विकत आणले नव्हते. कोणीतरी रोज कोणाशी तरी बोलत होते, एवढेच.

विष्णुभट गोडशांची कथा आपल्या शहराशी जोडलेली आहे, म्हणून ती इथे सांगते. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होते. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, ह्या आशेने ते काकांबरोबर १८५७ साली निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीतच होते. मिळवलेले द्रव्य ह्या शहरात लुटले गेले. कर्ज फेडायला निघालेला मुलगा अखेर गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन, इतका मुलूख चालत घरी परतला आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ही हकीकत लिहून काढली आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ती 'माझा प्रवास' ह्या नावाने प्रसिद्ध केली. गोडसे भटजींनी झाशीत मिळवलेले रुपये कुठे गेले, त्याचा पत्ता नाही. त्यांनी सांगितलेली झाशी मात्र आज आपल्या ग्रंथालयात आहे. वस्तू लुटली जाते, हरवते, जुनी होते. समोर बसून सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याची होऊन जाते.

साने गुरुजींची 'श्यामची आई' आपण सर्वांनी वाचली आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहिले गेले. त्याच्या बेचाळीस रात्रींकडे कधी ह्या दृष्टीने पाहा. श्यामचे घर उतरणीला लागलेले आहे, असलेले एकेक करून चालले आहे. आईने मुलाला विकत घेऊन दिलेल्या वस्तूंची यादी करू लागलो, तर ती चार ओळींत संपेल. लक्षात काय राहते? आंघोळीनंतर ओल्या पावलांना माती लागू नये म्हणून धोंड्यावर पसरलेले ओचे. आईजवळ तेवढे होते आणि तेवढे तिने दिले. मुलगा तुरुंगाच्या कोठडीत बसला, तेव्हा लिहायला त्याला तेवढे पुरले.

आता कोणी म्हणेल, की ही भावनेची गोष्ट झाली. मुलाच्या बुद्धीला तर साधने लागतात. शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी ह्याचे उत्तर ताराबाई मोडकांच्या कामात शोधते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, तेव्हापासून ताराबाई त्या कामात होत्या. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना ती साधने तिथे चालणार नाहीत, हे त्यांनी आणि अनुताई वाघांनी ओळखले. मग खडे, शिंपले, पाने, बिया, काड्या हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा त्याच्या अंगणात जाईल, असे ठरले आणि त्यातून अंगणवाडी निघाली. हा शब्द पुढे देशभर गेला. साधन बदलले तरी शिकणे थांबले नाही, कारण साधनाच्या पलीकडे एक मोठे माणूस मांडी घालून बसलेले होते. मुलाने खडा उचलला की त्याच्याकडे पाहणारे, त्याला नाव सांगणारे, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणीतरी होते. ते माणूस काढून घेतले, तर हजारांचे खेळणे आणि पाऊलवाटेवरचा खडा सारखाच मुका.

माझे हे म्हणणे मी मागच्या पालक सभेत मांडले, तेव्हा एक आई उठून उभी राहिली. ती म्हणाली, "बाई, तुमचे सगळे खरे. पण ह्यांची ड्यूटी रात्री दोनला लागते, मी सकाळी सातला दवाखान्यात जाते. वेळ विकत मिळत असता, तर तोही आणला असता." सभेत हशा झाला, पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिचा प्रश्न मला टाळायचा नाही. हे रेल्वेचे गाव आहे. इथल्या कितीतरी घरांत बापाचा वेळ बापाच्या हातात नसतो. 'मुलांना वेळ द्या' असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. मीही तो देऊ शकले नव्हते.

तिला मी त्या दिवशी जे उत्तर दिले, ते माझे नव्हते. ते आमच्या चौथीतल्या एका मुलीने दिलेले होते. भूगोलाच्या तासाला नकाशा टांगला होता. झाशीहून बीनापर्यंत गाडी कुठून जाते, असे शिक्षकांनी विचारले. ती उठली आणि बबिना, तालबेहट, ललितपुर करत मधली लहानसहान स्थानकेही तिने क्रमाने सांगितली. कुठे नदी लागते, कुठे चढ आहे, कुठे रात्री सिग्नलजवळ नीलगाई येतात, तेही सांगितले. वडील गाडी चालवतात. ड्यूटीचे बोलावणे आले की ते पेटी भरायला बसतात आणि ही त्यांना एकेक वस्तू देते: डबा, बॅटरी, झेंड्या, पुस्तक. देता देता ती विचारते, "आज कुठपर्यंत?" आणि ते सांगत जातात. वीस मिनिटे. आठवड्यातून तीनदा, चारदा. त्या वडिलांनी मुलीसाठी वेगळा वेळ काढलेला नाही. जे काम करायचेच होते, त्यात तिला शेजारी बसू दिले आहे.

अलीकडे 'क्वालिटी टाइम' हा शब्द पालकांच्या तोंडी ऐकू येतो. त्याचा हेतू चांगला आहे, पण मला त्याची थोडी भीती वाटते. रविवारी पाच ते सहा ह्या वेळात मुलाने मन मोकळे करावे, असे ठरवून ते होत नाही. मुले बोलतात ती भलत्या वेळी. थंडीत गच्चीवर उन्हात बसून मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसलेले असताना, दिवे गेल्यावर. शाळेत कोणी आपल्याला चिडवते, गणित कळत नाही, एका मैत्रिणीने बोलणे सोडले आहे, हे मूल समोर बसवून विचारले तर सांगत नाही. हाताला काम आणि नजर दुसरीकडे असली की सांगते. म्हणून मी आपल्याकडे वेगळ्या वेळेची मागणी करत नाही. रोजच्या कामातून मुलाला 'तू जा, खेळ, हा घे मोबाइल' असे सांगून बाहेर काढू नका, एवढीच विनंती करते. मेथी निवडताना त्याला जवळ बसवा. पोळीचा शेवटचा उंडा त्याला लाटू द्या. पोळीचा नकाशा होईल, होऊ द्या. हिशेब लिहिताना बेरीज त्याला करू द्या. काम लांबेल, हे कबूल आहे.

आणि सुट्टी मिळाली, तर ह्या शहराकडे पाहा. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांनी मॉलमधले सरकते जिने पाहिले आहेत, पण किल्ल्यातली 'कडक बिजली' तोफ आईवडिलांबरोबर पाहिलेली नाही. मणिकर्णिका १८४२ साली जिथे लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली, ते गणेश मंदिर इथेच आहे. तिची आई तिच्या लहानपणीच वारली. बिठूरला ती वडिलांच्या, मोरोपंत तांब्यांच्या, सहवासात वाढली आणि वाचणे, घोड्यावर बसणे असे पुष्कळ काही तिथेच शिकली. राणीचे पुतळे आपण पुष्कळ उभारले. आपल्या पोरक्या मुलीला जवळ ठेवून वाढवणाऱ्या त्या वडिलांची आठवणही कधीतरी मुलांना सांगा. मंदिराच्या पायरीवर बसून सांगितलीत, तर ती मुलांच्या लक्षात राहील.

माजी विद्यार्थ्यांना माझे एक वेगळे सांगणे आहे. आपण शाळेला संगणक दिले, पाण्याचे यंत्र दिले, ह्या हीरक महोत्सवाला सढळ हाताने देणग्या दिल्या. शाळा आपली ऋणी आहे. पण पुढच्या वेळी झाशीला याल, तेव्हा एक तास शाळेसाठी ठेवा. कोणत्याही वर्गात बसा आणि आपण जे काम करता ते मराठीत मुलांना सांगा. पूल कसा बांधतात, औषध कसे तपासतात, परदेशात पहिल्या हिवाळ्यात काय वाटले, काहीही. आमच्या मुलांनी मोठ्या माणसांच्या तोंडून मोठ्या गोष्टींचे मराठी ऐकणे फार आवश्यक आहे. माझ्या मुलाला जे शब्द मिळाले नाहीत, ते त्यांना मिळावेत.

किल्ल्यांच्या स्पर्धेचा नियम आम्ही बदलला आहे. ह्या वर्षीपासून किल्ला पटांगणातच करायचा. माती शाळा देईल, दगड आवारात आहेत, हळीव मी आणून ठेवीन. प्रत्येक मुलाबरोबर घरातले एक मोठे माणूस हवे: आई, बाबा, आजोबा, मावशी, कोणीही. ज्यांच्या घरचे ड्यूटीमुळे येऊ शकणार नाहीत, त्यांच्याबरोबर आम्ही शिक्षक बसू. बक्षीस ठेवलेले नाही.

माझ्या घरचे सांगून थांबते. बंगळूरला माझी तीन वर्षांची नात आहे. दिवाळीनंतर मी रोज रात्री आठला फोनवर तिला सासूबाईंच्या गोष्टी सांगते. पहिले काही दिवस ती ऐकत नसे, उठून जात असे. आता बसते. तिचा बाप शेजारी असतो. परवा म्हातारीचा भोपळा रस्त्यातच थांबला, कारण मला पुढचे वाक्य आठवेना. तेव्हा मागून मुलाने ते मराठीत पुरे केले. मग नातीने त्याला काहीतरी विचारले, आणि तो हिंदीत उत्तर देता देता थांबला.

आज रात्रीही आठला गोष्ट आहे, म्हणून मला वेळेवर घरी पोहोचले पाहिजे.  किल्ल्याच्या दिवशी सकाळी नऊला या. माती लागली तर चालेल असे कपडे घालून या.